ठिपका आत सरकतो तेव्हा

यीस्टची पेशी जेमतेम 5 मायक्रॉनची. बाहेरचा माल आत घ्यायचा तर ती आपल्याच पटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला, खळगा पाडते, तो खोल होतो, त्याचं तोंड आवळतं आणि इवलीशी पिशवी सुटून आत जाते. हे एंडोसायटोसिस. पेशीतला दाब पटलाला सतत बाहेर रेटत असतो, त्यामुळे या खटाटोपात 50 हून अधिक प्रथिनं राबतात.

कोण कधी येतं, किती वेळ थांबतं, हे मृत पेशीच्या फोटोतून कळणं अवघड. जिवंत यीस्टमध्ये मात्र एक सोय आहे. प्रथिनाच्या जनुकाला, त्याच्या मूळ जागीच, जेलीफिशच्या हिरव्या चकाकत्या प्रथिनाचं (जीएफपी) जनुक जोडता येतं. प्रथिन साधारण नेहमीच्याच प्रमाणात बनतं, फक्त आता ते दिसतं. माझ्या मते यीस्टची खरी कमाई हीच. प्रमाण बिघडलं की मोजमापाला फारसा अर्थ उरत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हलू नयेत म्हणून काचेला कॉनकॅनाव्हॅलिन हे चिकटवणारं प्रथिन लावून त्या चिकटवतात. पेशी वाढवायचं नेहमीचं द्रव इथे चालत नाही, कारण ते स्वतःच चकाकतं! ॲडेनीन (डीएनएचा एक घटक) तयार न करू शकणाऱ्या वाणात तर पेशीतच चकाकणारं रंगद्रव्य साठतं, म्हणून वरून ॲडेनीन द्यावं लागतं.

साध्या सूक्ष्मदर्शकात साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. पिशवी त्याहून कितीतरी लहान, म्हणून दिसतो तो अंधूक ठिपका. पण ठिपक्याचा मध्यबिंदू गणिताने बराच अचूक काढता येतो. अनेक ठिपक्यांचे मार्ग एका वेळापत्रकावर जुळवून सरासरी काढली की हालचाल स्पष्ट होते. ठिपक्याच्या तेजावरून रेणूंची संख्याही अंदाजता येते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मार्को काक्सोनेन आणि डेव्हिड ड्रुबिन यांच्या गटाने 2003 साली दोन रंगांत हे पाहिलं. एसएलए१ नावाचं प्रथिन पटलापाशी थांबून असतं. ॲक्टिन या धागे बनवणाऱ्या प्रथिनासोबतचं दुसरं प्रथिन, एबीपी१, उजळलं की एसएलए१ आत सरकतं आणि विझतं. एबीपी१ आणखी काही सेकंद आत जात राहतं.

मग एकेक प्रथिन काढून बघायचं. लॅट्रंक्युलिन या रसायनाने ॲक्टिनचे धागे रोखले तर एसएलए१ जागचं हलत नाही. एसएलए२ काढलं तर ॲक्टिन वाढत राहतं, पण पटल ढिम्म! क्लच दाबलेल्या गाडीचं इंजिन फिरावं आणि चाकं जागची हलू नयेत, तसं. आरव्हीएस१६७ नसेल तर आणखी मजेशीर: काही ठिपके आत जातात आणि उलट पटलाकडे परततात. तोंड आवळलं गेलं नाही, म्हणून खळगा पुन्हा सपाट झाला, असा त्याचा अर्थ लावला जातो.