साउंड कार्डावरील सिंथेसायझर आणि मिडी संगीत

मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना स्वरांच्या सूचना पाठवण्याची ठरलेली पद्धत. थेट किंवा ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मदतीने अशा मिडी संदेशांवरून प्रत्यक्ष ध्वनी घडवणारी जी चिप साउंड कार्डावरच, म्हणजे संगणकाला आवाज देणाऱ्या कार्डावरच, बसवलेली असते, तिला त्या कार्डाचा अंगभूत सिंथेसायझर म्हणतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून साधारण २००० सालापर्यंत घरच्या संगणकावर संगीत वाजायचे ते मुख्यतः अशा चिपांमधून. काही कार्डांवर दोन वेगळ्या जातींचे सिंथेसायझर असत, आणि कोणता भाग कोणाकडून वाजवून घ्यायचा हे ठरवणे रचनाकाराचे काम असे.

मिडी फाइलमध्ये ध्वनी नसतो, हे आधी समजून घ्यावे लागते. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने, एवढ्याच सूचना तिच्यात असतात. १४४, ६०, १०० हे तीन बाइट घेतले, तर त्यांचा अर्थ असा: पहिल्या चॅनेलवर (एकेका वाद्याला दिलेल्या वाटेवर) मधला ‘सी’ सुरू कर, जोर १२७ पैकी १००. तो स्वर पियानोचा की बासरीचा, हे त्याआधी पाठवलेला वाद्यक्रमांक सांगतो. त्यामुळे तीन मिनिटांची रचना काही किलोबाइटांत मावते. तेच संगीत सीडीच्या दर्जाने साठवायचे तर ३० मेगाबाइटांहून जास्त जागा लागते. फाइल ही स्वरलिपी आहे, वाद्य कार्डावर आहे. एकच फाइल दोन कार्डांवर वेगळी वाजते ती याच कारणाने.

पहिली पिढी एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, चिपांची. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंप्रता फार वेगाने हलवली की साध्या साइन लहरींतूनही घंटेसारखे, पितळी वाद्यांसारखे गुंतागुंतीचे नाद निघतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९७३ मध्ये ही पद्धत शोधनिबंधात मांडली आणि यामाहाने तिचा परवाना घेतला. यामाहाची वायएम३८१२, म्हणजेच ओपीएल२, ही चिप १९८७ च्या अ‍ॅडलिब कार्डावर होती आणि १९८९ च्या साउंड ब्लास्टरवरही. तिच्यात एका वेळी नऊ स्वर वाजत. तालवाद्यांची सोय चालू केली तर सहा स्वर आणि पाच तालवाद्ये. पुढच्या ओपीएल३ चिपमध्ये हे स्वर १८ झाले. दोनऐवजी चार लहरी एकत्र वापरून जास्त भरदार आवाजही करता येऊ लागले, मात्र तसे केले की स्वरांची संख्या घटते.

या एफएम चिपेला मिडी मुळीच कळत नाही. दुभाष्याचे काम ड्रायव्हर करतो. ‘६० वा स्वर सुरू’ असा संदेश आला की तो आधी रिकामी जागा शोधतो, मग वाद्याची मूल्ये भरतो: लहरीचा आकार, आवाज चढण्याचा आणि ओसरण्याचा वेग. नंतर कंप्रता दोन तुकड्यांत लिहितो. दहा बिटांचा एक आकडा आणि सप्तक सांगणारे तीन बिट. शेवटी एक बिट १ केला की स्वर वाजू लागतो, ० केला की विरू लागतो. म्हणजे एफएम कार्डावर मिडी कशी ऐकू येईल हे चिपेइतकेच ड्रायव्हर लिहिणाऱ्याने जुळवलेल्या मूल्यांवरही अवलंबून असे. ओपीएलचा पियानो पत्र्याचा वाटतो अशी तक्रार नेहमी होते आणि पियानोपुरती ती रास्तही आहे. पण खर्जातला गुरगुरता बास, टोकदार घंटानाद, धातूची किणकिण यांत ही चिप कोणाची नक्कल करत नाही. ते तिचे स्वतःचे सूर आहेत, आणि ज्यांनी तिला स्वतंत्र वाद्य मानून रचना केल्या त्यांचे काम आजही ताजे वाटते.

दुसरी पिढी वेव्हटेबलची, म्हणजे खऱ्या वाद्यांचे ध्वनिनमुने कार्डाच्या स्मृतीत ठेवून वाजवणाऱ्या चिपांची. १९९२ च्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डात वाद्ये डिस्कवरून कार्डाच्या रॅममध्ये भरावी लागत. मूळ कार्डावर ही रॅम २५६ किलोबाइट होती. १९९४ च्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई३२ मध्ये इएमयू८००० ही चिप, एक मेगाबाइट रॉम आणि ५१२ किलोबाइट रॅम होती. ही ५१२ किलोबाइट म्हणजे किती? सीडीच्या दर्जाचा एकेरी ध्वनी सहा सेकंदही पुरा मावत नाही. मग पियानोचा लांब स्वर बसवायचा कसा? हातोडीचा आघात आणि त्यानंतरचा थोडा भाग तेवढा ठेवायचा, शेवटच्या काही लहरी फिरत्या ठेवायच्या आणि आवाज हळूहळू उतरवायचा. फेरी जिथे जुळते तिथे लहरीची दोन टोके तंतोतंत मिळाली नाहीत, तर प्रत्येक फेरीला बारीक ‘टक’ ऐकू येते. वाद्य बनवणाऱ्यांचे तासन्‌तास त्या एका सांध्यावर जात. शिवाय एकच नमुना फार वर किंवा खाली ओढला की वाद्याची ओळखच पुसते, म्हणून काही-काही स्वरांच्या अंतराने नवा नमुना घ्यावा लागतो. असे नमुने आणि त्यांच्या जुळणीची माहिती एकत्र बांधणारे साउंडफॉन्ट हे फाइलस्वरूप याच कार्डांसोबत रुजले. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हने साउंडफॉन्ट संगणकाच्या मुख्य स्मृतीतून वाजवायला सुरुवात केली आणि जागेची ही टंचाई बरीचशी मिटली.

कोणता क्रमांक म्हणजे कोणते वाद्य, हा घोळ १९९१ च्या जनरल मिडी मानकाने आवरला: १२८ वाद्यांचे ठरलेले क्रमांक, तालवाद्यांसाठी दहावे चॅनेल, एका वेळी किमान २४ आवाज. या यादीत सतार १०५ व्या क्रमांकावर आहे. तबल्याला मात्र जागा नाही. तो हवा असेल तर साउंडफॉन्टचाच आधार. मानक २४ आवाज मागते आणि ओपीएल३ जास्तीत जास्त १८ देते, या तफावतीचा त्रास दाट रचनेत लगेच जाणवतो. जागा संपली की ड्रायव्हर जुना स्वर तोडून नव्याला वाट देतो, आणि मागे धरलेला तंतुवाद्यांचा मेळ मध्येच तुटतो. सस्टेन पेडल (स्वर लांबवणारे पायपट्टे) दाबून ठेवलेला पियानो तर सगळ्या जागा एकटाच अडवून बसतो. अशा वेळी पेडल लवकर सोडणे, दुहेरी केलेले स्वर काढून टाकणे हेच उपाय कामी येतात.

दोन सिंथेसायझर असलेल्या कार्डाची खरी गंमत इथे आहे. एडब्ल्यूई३२ वर इएमयू८००० सोबत ओपीएल३ सुद्धा होती. सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडी रचना लिहिण्या-वाजवण्याच्या प्रोग्रॅममध्ये, त्या दोन वेगळ्या पोर्ट (संदेश पाठवण्याची ठिकाणे) म्हणून दिसत. जोडीला बाहेरच्या वाद्यासाठी तिसरी मिडी पोर्ट असे. नमुन्यांवरचा पियानो आणि तंतुवाद्ये एकीकडे, एफएमचा बास दुसरीकडे, अशी वाटणी केली की आवाजांची संख्याही वाढते आणि रंगही खुलतो. प्रत्येक पोर्टला स्वतःची १६ चॅनेल मिळतात, हा आणखी एक फायदा.

विंडोज ३.१ मध्ये एक वेगळीच अडचण येई. तिथल्या नियमाप्रमाणे साध्या सिंथेसायझरने १३ ते १६ ही चॅनेल वाजवायची आणि प्रगत सिंथेसायझरने १ ते १०. काही फायलींत म्हणून एकच रचना दोनदा लिहिलेली असे. कोणते चॅनेल कुठे जाईल हे ठरवणाऱ्या मिडी मॅपरची जुळणी न करता ती वाजवली, तर सगळी धून दुहेरी ऐकू येई आणि सोळाव्या चॅनेलवरचा ताल भलत्याच वाद्यावर पडे.

आवाज मुळीच येत नसेल, तर पहिल्यांदा मिक्सर (निरनिराळ्या आवाजांची पातळी ठरवणारा प्रोग्रॅम) पाहावा. हार्डवेअर सिंथेसायझरला तिथे वेगळी पट्टी असते. वेव्ह फायली (ध्वनिमुद्रणाच्या फायली) नीट वाजतात आणि मिडी मुकी राहते, याचे कारण पुष्कळदा ती बंद असलेली पट्टीच असते. रेकॉर्डिंगचेही तसेच: ध्वनी चिपेत घडतो, संगणकाच्या स्मृतीतून जात नाही. म्हणून मिक्सरमध्ये मिडी हा स्रोत निवडून तो वेगळा ध्वनिमुद्रित करावा लागतो. लिनक्सवर ‘aplaymidi -l’ या आज्ञेने उपलब्ध पोर्टांची यादी मिळते, पण एफएम चिपेत वाद्ये आणि एडब्ल्यूईत साउंडफॉन्ट आधी भरलेले नसतील, तर पोर्ट दिसूनही शांतताच राहते.

१९९७ च्या एसी’९७ या संगणकातील ध्वनिव्यवस्थेच्या मानकानंतर मदरबोर्डवरच स्वस्त ध्वनिव्यवस्था येऊ लागली. तिच्यात सिंथेसायझर नव्हता. ते काम प्रोसेसरकडे गेले. विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथ, लिनक्सवरचे टिमिडिटी आणि फ्लुइडसिंथ हे त्या वाटेवरचे. त्यांच्यात जागेची अडचण नाही, पण ध्वनी आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवावा लागतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीने १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर. फाइल ऐकताना तो कळत नाही. कळफलकावर हात टाकून वाजवताना बोटांना कळतो. जुन्या चिपेत तो बफरच नव्हता. आता ओपीएलचे काम डॉसबॉक्ससारखे अनुकरण करणारे प्रोग्रॅम करतात, आणि जुन्या खेळांचे संगीत त्यांतून पुन्हा ऐकता येते.