जिन्यातल्या काचेतलं फुलपाखरू

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावरच्या जिन्याची, येऊरच्या बाजूची मोठी काच फाडकन फुटली. वारा नव्हता, दगड नव्हता, जिन्यात चिटपाखरू नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी बसवलेली, दहा मिलिमीटर जाडीची टफन्ड काच! संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर निकाल लागला होता. कोणी म्हणालं, काच फुटली म्हणजे अरिष्ट टळलं. कोणी वास्तुशांतीचा खर्च किती येईल ते विचारलं. काच बसवणाऱ्या फॅब्रिकेटरचं म्हणणं वेगळं: "काच आपोआप फुटत नाही, पोरांनी बॉल मारला असणार."

काच आपोआप फुटते. टफन्ड काच तर फुटतेच, आणि त्याचं कारण मला विलक्षण सुंदर वाटतं.

साधी काच सहाशे-साडेसहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडले की टफन्ड काच तयार होते. पृष्ठभाग आधी गार होऊन घट्ट होतो, पोट अजून गरमच असतं. पुढे पोट गार होऊन आकसू लागतं, पण घट्ट झालेला पृष्ठभाग त्याला पुरतं आकसू देत नाही. मग पोट पृष्ठभागाला आत ओढत राहतं. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली, पोट कायमचं ताणाखाली. बरोबरीत अडकलेली रस्सीखेचच. काच तुटते ती ताणाने, दाबाने नव्हे. त्यामुळे बाहेरून बसलेल्या धक्क्याला आधी हा दाब संपवावा लागतो, आणि म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत ठरते. दाबाचा हा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचवा हिस्सा असतो. म्हणजे आमच्या काचेत बाहेरचे दोन-दोन मिलिमीटर दाबाखाली आणि मधले सहा ताणाखाली होते. भेग या मधल्या भागात पोचली की खेळ संपला. साठवलेली ऊर्जा एकदम सुटते, भेगा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतात आणि अख्ख्या काचेचे बोथट खडे होतात. साध्या काचेच्या सुऱ्यांपेक्षा हे खडे बरे, म्हणून तिला सुरक्षा काच म्हणतात.

पण भेग आतूनच सुरू झाली तर?

काच वितळवताना कच्च्या मालातून किंवा यंत्रांच्या पोलादातून निकेलचा कण आत गेला, तर तो गंधकाशी जुळून निकेल सल्फाइड बनतं. हा खडा अनेकदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाच असतो. ३७९ अंशांच्या वर त्याची स्फटिकरचना एक असते, खाली दुसरी, आणि खालच्या रचनेत त्याचं आकारमान दोन ते चार टक्के जास्त भरतं. साधी काच हळूहळू थंड करतात, त्यामुळे खड्याला रूप बदलायला वेळ मिळतो. टफनिंगमध्ये झोताने गार केल्यावर तो जुन्याच रूपात अडकतो. मग महिने, कधी वर्षं, तो काचेच्या पोटात हळूहळू फुगत राहतो. उन्हाने काच तापली की हा बदल आणखी वेग घेतो. एखाद्या दुपारी खड्याभोवतीची सूक्ष्म भेग ताणाला सापडते, आणि फाडकन!

आमची काच चारही बाजूंनी चौकटीत असल्यामुळे फुटूनही उभीच होती. दुसऱ्या दिवशी ती उतरवण्याआधी मी टॉर्च घेऊन भेगांचा माग काढला. सगळ्या भेगा एका जागेकडे येत होत्या. तिथे इतरांपेक्षा मोठे, पाच-सहा कोनांचे दोन तुकडे एकमेकांना चिकटून होते, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे. त्या दोघांमधल्या सामाईक कडेवर, जाडीच्या साधारण मध्यावर, मोबाईलच्या झूममध्ये एक काळा ठिपका दिसला. तो निकेल सल्फाइडचाच खडा, याच्या खात्रीसाठी प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, हे खरं. पण चेंडू पृष्ठभागावर लागतो, काचेच्या पोटात नाही. आणि दृष्टही पोटात लागत नाही.

बाथरूमच्या काचेच्या दारांची गोष्ट मात्र वेगळी. तिथे बहुतेकदा बिजागरीचा धातू कडेला घासून टवका उडालेला असतो, आणि कड फार हळवी असते. टफन केल्यावर काच कापता किंवा भोकं पाडता येत नाही, कारण तसं करताना भेग मधल्या ताणाच्या भागात पोचते. कड फार हळवी असते.

यावर उपाय आहे. टफन्ड काच कारखान्यातच पुन्हा भट्टीत घालून २६० अंशांच्या आसपास दोन तास ठेवतात. हीच हीट सोक चाचणी. जी फुटायची ती बहुतेक तिथेच फुटते. बहुतेक, सगळी नाही. म्हणून उंचावर, जिथे खाली माणसं चालतात, तिथे मला लॅमिनेटेड काचच हवी. तिच्यात दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा लवचीक थर असतो. काच फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात. आयएस २५५३ हे सुरक्षा काचेचं भारतीय मानक आहे. आयएस १६२३१ मध्ये इमारतीत कुठे कोणती काच वापरावी ते दिलं आहे, आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काचेवर स्वतंत्र विभाग आहे. माणूस काचेवर आदळेल का, आणि काच फुटल्यावर तो आरपार खाली जाईल का, असे दोन वेगळे धोके त्यांत धरले आहेत. "टफन्ड आहे, काळजी नको" या विक्रेत्याच्या वाक्यात दुसरा धोका कुठेच येत नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

नव्या कोटेशनवर आम्ही 'टफन्ड, हीट सोक केलेली, लॅमिनेटेड' असं लिहून घेतलंय. फॅब्रिकेटर प्रमाणपत्र देतो म्हणाला. त्याच्यासोबत भट्टीच्या तापमानाची नोंदही मागितली आहे. ती हातात येईपर्यंत सातव्या मजल्यावर प्लायवूडच राहील.