पॉवर वीडरच्या अनुदानाचा अर्ज नेमका कुठे बाद होतो

यंत्राचं बिल १२ जुलैचं आणि पूर्वसंमती पत्र १४ जुलैचं. एवढ्या दोन दिवसांपायी आमच्याकडच्या एका शेतकऱ्याचं पॉवर वीडरचं, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या तण काढायच्या यंत्राचं, अनुदान गेलं. पाऊस लागून राहिला होता, कपाशीत तण माजलं होतं, निंदणीला माणूस मिळेना. विक्रेता म्हणाला, ‘आत्ता घेऊन जा, कागद मागून होतील.’ हे कागद मागून होत नाहीत. यंत्र खरं, शेत खरं, पैसे बँकेतून दिलेले, तरीही अर्ज बाद.

अशी गफलत होते ती मेसेजमुळे. ‘आपली निवड झाली आहे’ असा मेसेज आला की लोक थेट दुकान गाठतात. निवड म्हणजे पूर्वसंमती नव्हे. निवडीनंतर कागदपत्रं अपलोड करायची, कृषी विभाग ती तपासणार, मग पूर्वसंमतीचं पत्र निघणार आणि त्यानंतरच खरेदी. कागदपत्रं देण्याची मुदत वेगळी, यंत्र घेऊन बिल चढवण्याची वेगळी. या दोन मुदतींची सरमिसळ करू नका. मेसेजच्या भरवशावरही राहू नका. आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहा.

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी शेतकरी पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरणाखाली भरायचा. सातबारा आणि आठ-अ तुमच्या नावावर हवा, आधार बँक खात्याशी जोडलेलं हवं. १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला आहे. अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि दोन हेक्टरपर्यंतच्या लहान शेतकऱ्यांना ५० टक्के अनुदान, इतरांना ४० टक्के; मात्र ही टक्केवारी किंवा त्या यंत्राची ठरलेली कमाल मर्यादा, यांत जे कमी असेल तेच मिळतं. दुकानदार सांगतो त्या किमतीच्या निम्मे धरून उसनवारी करू नका.

पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य मिळतं. म्हणून अर्ज उन्हाळ्यात करा. सोयाबीनमध्ये तणाचा खरा फटका पहिल्या तीस-पंचेचाळीस दिवसांतच बसतो. तण दिसल्यावर अर्ज करणाऱ्याच्या हातात यंत्र येईपर्यंत पीक शेंगेवर आलेलं असतं.

आता अर्जात घटक, म्हणजे कोणतं यंत्र हवं ते, निवडताना. स्वयंचलित, ट्रॅक्टरचलित, बैलचलित, मनुष्यचलित असे वेगवेगळे गट आहेत आणि पुढे एचपीची श्रेणी विचारतात. सेवा केंद्रातला मुलगा घाईत कोणतीही श्रेणी निवडतो आणि मग कोटेशन एका श्रेणीचं, अर्ज दुसऱ्या श्रेणीचा. घरून निघण्यापूर्वी टेपने दोन ओळींतलं अंतर मोजा. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरलेलं असेल, तर पात्यांची रुंदी त्याहून कमी हवी, शिवाय दोन्ही बाजूंना रोपाच्या मुळांपासून चार बोटं जागा सुटायला हवी. जास्त एचपीचं यंत्र म्हणजे चांगलं यंत्र, हा समज कपाशी-तुरीच्या रुंद ओळीत एक वेळ खपतो, सोयाबीनमध्ये नाही. ट्रॅक्टरला जोडायचं आंतरमशागतीचं अवजार हवं असेल तर ट्रॅक्टरचं आरसी बुक लागतं. ट्रॅक्टर कुटुंबातल्या कुणाच्याही नावे असला तरी चालतो. आणि एका अवजारावर लाभ घेतला की त्याच अवजारासाठी पुढची दहा वर्षं दार बंद, इतर अवजारांसाठी नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते चाचणी अहवालावर. हा कागद शेतकऱ्याकडे असूच शकत नाही, तो विक्रेत्याने द्यायचा असतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीसारख्या मान्यताप्राप्त केंद्रात त्या मॉडेलची चाचणी होऊन तो निघतो. विक्रेता पुष्कळदा पुसट झेरॉक्स हातात ठेवतो. मी एक पाहिली, तिच्यावरच्या मॉडेलच्या नावात शेवटी एक अक्षर जास्त होतं. कंपनी तीच, रंग तोच, पण यंत्र वेगळं, म्हणून अर्ज परत. कोटेशन, चाचणी अहवाल आणि यंत्रावरची पट्टी, तिन्हींवर मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, हे दुकानातच बोट ठेवून वाचा. अहवालाची वैधताही तिथेच पाहा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्या दुकानात जा, संकोच करू नका.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. वडील जाऊन पाच वर्षं झाली, जमीन मुलगाच कसतो, पण सातबाऱ्यावर नाव अजून वडिलांचंच. अशा मुलाला अर्ज करता येत नाही. कसणाऱ्याला हे ऐकायला किती लागतं ते मी समोर बसून पाहिलंय, आणि कार्यालयात त्याला नीट समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो, याची चीडही येते. वारस नोंद ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन देता येते. फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, तेवढा काळ हिशेबात धरा. म्हणजे हे काम अर्जाच्या आधीच उरकायला हवं.

पैसे रोख देऊ नका. स्वतःच्या खात्यातून विक्रेत्याच्या खात्यात गेलेले दिसले पाहिजेत. मुलाच्या मोबाइलवरून पाठवलेले चालत नाहीत. अनुदान मात्र आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं त्या खात्यात पडतं, म्हणून ते खातं चालू आहे ना, ते बँकेत विचारून घ्या.

खरेदीनंतर बिल अपलोड झालं की सहायक कृषी अधिकारी मोका तपासणीला, म्हणजे यंत्र जागेवर पाहायला, येतात आणि जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो काढतात. त्या दिवशी यंत्र पाहुण्यांच्या गावी कोळपणीला गेलेलं नसावं. इंजिनावरचा नंबर चिखलाने झाकलेला असेल तर ओल्या फडक्याने आदल्या दिवशी पुसून ठेवा. बिलावरचा नंबर आणि तो एकच असल्याचं फोटोत वाचता आलं पाहिजे.