मुलं कमी झाली, तरी माणसं का वाढतात?

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतची मुलं सुमारे १ कोटी ३७ लाख होती. २०११ मध्ये ती १ कोटी ३३ लाखांवर आली. याच दहा वर्षांत राज्याची एकूण लोकसंख्या मात्र ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. म्हणजे लहान मुलं तीन लाखांहून अधिक घटली आणि माणसं दीड कोटीनं वाढली. ही छपाईची चूक नाही. जगाची लोकसंख्या आज का वाढते आहे, याचं उत्तर याच विसंगतीत आहे.

दरवर्षी ११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिन येतो. १९८७ साली या तारखेला जगाची लोकसंख्या पाचशे कोटी झाली असं मानतात. त्या दिवसाच्या शालेय निबंधांत ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ हमखास भेटतो. पूर्वी ते वर्णन अगदीच चुकीचं नव्हतं. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वेगानं वाढत होती, आणि या वेगानं ती ३५ वर्षांच्या आत दुप्पट होते. आज हा वेग एक टक्क्याच्याही खाली आला आहे. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी आपण आठशे कोटी झालो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात हा आकडा सुमारे १०३० कोटींवर पोचेल आणि मग हळूहळू उतरू लागेल.

वेग घटला, तरी पुढची साठ वर्षं आकडा वाढणारच. असं का, ते एका काल्पनिक वाडीवर पाहू. वाडीत २० आजी-आजोबा, ४० आईवडील आणि ६० मुलं आहेत. एकूण माणसं १२०. तीस वर्षांची एक पिढी धरू आणि सगळे नव्वदीपर्यंत जगतात असं मानू. आजपासून वाडीनं ठरवलं की प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं. तीस वर्षांनी आजचे २० वृद्ध नसतील. ४० आईवडील आजी-आजोबा होतील, ६० मुलं आईवडील होतील आणि त्यांना ६० मुलं होतील. बेरीज १६०. आणखी तीस वर्षांनी तिन्ही पिढ्या साठ-साठ, म्हणजे १८०. त्यानंतर वाढ थांबेल. नियम पहिल्या दिवसापासून कोणीही मोडला नाही, तरी वाडी दीडपट झाली! कारण ती वाढवणारी मुलं नियम होण्याआधीच जन्मली होती. लोकसंख्याशास्त्रात याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. भारत सध्या त्या वाडीच्या मधल्या टप्प्यात आहे.

महाराष्ट्र तर त्याही पुढे गेला आहे. लोकसंख्या स्थिर राहायला एका स्त्रीमागे सरासरी २.१ मुलं लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारताचा आकडा २.० निघाला आणि महाराष्ट्राचा १.७. बिहारमध्ये तो ३.० होता. दुसरं टोक दक्षिण कोरियाचं: २०२३ मध्ये ०.७२. तिथल्या सरकारला चिंता आहे ती नेमकी उलटी.

मग ही वाढ मुळात सुरू कशी झाली? जन्म वाढले म्हणून नव्हे, मृत्यू कमी झाले म्हणून. १८९७ च्या प्लेगमधला रँडचा खून पुणेकरांना पाठ असतो, पण प्लेग, दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी केलेला संहार फारसा कोणाला आठवत नाही. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली होती. तेव्हा पाच-सहा बाळंतपणं होत, तरी घरात जगणारी मुलं थोडी असत. पुढे लसी, प्रतिजैविकं आणि स्वच्छ पाणी आलं, तसा मृत्युदर घसरला. कुटुंबं लहान व्हायला मात्र एक-दोन पिढ्या गेल्या. जन्माला आलेलं मूल जगेल याची खात्री पटल्याशिवाय आईबाप दोनवर थांबत नाहीत. मधल्या त्या फटीतच जग १९२७ च्या दोनशे कोटींपासून २०२२ च्या आठशे कोटींपर्यंत चौपट झालं.

पुण्याच्या गर्दीचा हिशेब आणखी वेगळा आहे. १९५१ साली पुणे शहर पाच लाखांच्या आत होतं, २०११ मध्ये ते ३१ लाखांवर गेलं. एवढी वाढ पाळण्यांमधून होत नसते. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग मोटारींचे कारखाने, मग हिंजवडीचं आयटी पार्क. माणसं कामाच्या मागे आली. शिवाय २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत घेतल्यावर शहराची हद्दच वाडीवस्त्यांपर्यंत सरकली. अशा नव्यानं हद्दीत आलेल्या वाघोलीत रोज टँकर मोजणाऱ्या सोसायटीला ‘दोनच मुलं’ ही घोषणा ऐकवून काय उपयोग?

पाण्याचं गणित सरळ करून बघता येतं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरांसाठीचा सरकारी निकष आहे. त्या हिशेबानं एक टीएमसी (म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी पावणेसहा लाख लोकांना वर्षभर पुरतं, तेही पाइपांची गळती शून्य धरून. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साठा २९ टीएमसीच्या आसपास, आणि त्यातूनच दौंड-इंदापूरच्या शेतीलाही कालव्यानं पाणी द्यायचं असतं. शहराच्या लोकसंख्येचा अंदाज दहा लाखांनी चुकला, तर पावणेदोन टीएमसीचा फरक पडतो. महापालिका आणि जलसंपदा खातं यांच्यात पाण्याच्या कोट्यावरून वाद होतो, तेव्हा भांडणाच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच प्रश्न असतो: पुण्यात माणसं आहेत किती? २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे अधिकृत उत्तर अजून २०११ चं आहे.

जगाच्या पातळीवरही नुसती डोकी मोजून भागत नाही. २०५० पर्यंतच्या वाढीतला निम्म्याहून अधिक वाटा काँगो लोकशाही प्रजासत्ताक, इजिप्त, इथिओपिया, भारत, नायजेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि टांझानिया या आठ देशांचा असेल. पण अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात दोन टन, तर नायजेरियाच्या शेजारच्या, भरभर वाढणाऱ्या नायजर या देशात जेमतेम दशांश टन. हवामानबदलाचं खापर नायजरच्या आईवर फोडणं मला तरी पटत नाही.

जनजागृतीत महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे आधी माहिती, मग धोरण. आणीबाणीत हे उलटं झालं. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या धसक्यानं पुरुष नसबंदीचं नाव घेणंही अवघड झालं. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदीचं प्रमाण जवळपास ३८ टक्के आहे आणि पुरुषांचं ०.३ टक्के, खरं तर पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची. लोकसंख्या दिनाच्या प्रभातफेरीत यावर एखादा फलक दिसला तर बरं होईल.

सक्तीशिवाय काय चाललं, तेही याच सर्वेक्षणात दिसतं. शाळेत न गेलेल्या स्त्रीमागे देशात सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीमागे १.८.

आता वाडीकडे पुन्हा बघा. तिसऱ्या टप्प्यात वृद्ध वीसाचे साठ झाले होते. भारतात साठीपुढचे लोक सध्या दहा टक्क्यांच्या आसपास आहेत, २०५० पर्यंत ते वीस टक्के होतील. महाराष्ट्राला ही पाळी बिहारच्या आधी येणार. कोथरूड-सहकारनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघांना हे सांगावं लागत नाही, पण रुग्णालयं, निवृत्तिवेतन, बसच्या पायऱ्या आणि फुटपाथ अजून तरुण शहराच्या मापाचे आहेत. २०२७ च्या जनगणनेचे आकडे आले की वर्तमानपत्रं एकूण बेरजेचा मथळा देतील. पुण्यानं आधी वयोगटांचे आणि स्थलांतराचे तक्ते उघडावेत: पाच वर्षांखालची किती, साठीवरची किती, आणि दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात राहणारी किती. शाळा, दवाखाने आणि पाण्याचा कोटा या तीन आकड्यांवर ठरायला हवा.