स्किड शू की स्क्रेपर बार: खडीवर उंची कोण ठरवतं?

खडीच्या ड्राइव्हवेवर स्नो ब्लोअर (बर्फ उचलून बाजूला फेकणारं मशीन) चालवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: शूटमधून, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीतून, बर्फाबरोबर दगड उडतात. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: "स्क्रेपर बार वर घ्या." कोणी त्याही पुढे जाऊन तो काढूनच टाकायला सांगतं. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि ते ऐकून चांगली मशीन्स खराब झालेली बघवत नाहीत.

हे सगळं टू-स्टेज मशीनबद्दल आहे. सिंगल-स्टेजचा ऑगर (पुढचं, बर्फ आत ओढणारं फिरतं पातं) जमिनीला घासूनच चालतो, त्यामुळे ते खडीवर नेऊच नये. कितीही बदल केले तरी उपयोग नाही. टू-स्टेजचा ऑगर जमिनीपासून वर राहतो, बर्फ मागे इम्पेलरकडे (फिरत्या पंख्याकडे) ढकलतो आणि इम्पेलर तो बाहेर फेकतो. इथवर कोणाचा गोंधळ नसतो. गोंधळ होतो तो ऑगर जमिनीपासून किती वर राहील हे ठरवण्यात.

स्क्रेपर बार म्हणजे हाउसिंगच्या (ऑगरभोवतीच्या पेटीच्या) तळाशी, मागच्या कडेला आडवी बोल्टने बसवलेली पोलादी पट्टी. डांबरी किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागावर उरलेला पातळ थर खरवडणं आणि स्वतः झिजून हाउसिंगची कड वाचवणं, एवढंच तिचं काम. स्किड शू म्हणजे हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या घसरपट्ट्या. हाउसिंगचा भार त्यांच्यावर असतो. शूंमध्ये उभ्या खाचा असतात. बोल्ट सैल करून शू खाली सरकवला की हाउसिंग, ऑगर आणि स्क्रेपर बार असं सगळंच वर उचललं जातं.

काही मशीन्समध्ये स्क्रेपर बारलाही खाचा असतात, आणि घोळ तिथेच होतो. बार वर सरकवला की फक्त बार वर जातो. ऑगरची पाती जमिनीपासून जितकी होती तितकीच राहतात, कारण ती उंची शू ठरवतात. दगड पूर्वीसारखेच आत येतात. शिवाय, बारच्या आड सुरक्षित असलेली हाउसिंगची कड आता उघडी पडते, दगडांवर आपटून वाकते आणि झिजते. झिजलेला बार चार बोल्ट खोलून बदलता येतो. झिजलेल्या हाउसिंगला वेल्डिंगच लागतं. म्हणून खडीवरही बार जागेवरच हवा. उचलायचं ते शूंनी.

किती उचलायचं? गुळगुळीत पृष्ठभागावर बारखाली साधारण ३ मिलिमीटर फट पुरते. खडीवर मी २५ ते ३० मिलिमीटर ठेवतो. एवढ्या फटीमुळे मागे बर्फाचा थर राहतो. तो राहू द्यायचा. खडी साफ दिसलीच पाहिजे असा हट्ट असेल तर दगड उडणारच.

मोजणी सपाट फरशीवर करा, खडीवर नव्हे. आधी दोन्ही टायरमधली हवा सारखी करा, नाहीतर हाउसिंग एका बाजूला कललेलं राहतं आणि सगळं माप फुकट जातं. मग हव्या त्या जाडीच्या लाकडी पट्ट्या बारच्या दोन्ही टोकांखाली सरकवा, शूंचे नट सैल करा, शू फरशीला टेकू द्या आणि घट्ट आवळा. नवीन बार बसवल्यावर हे पुन्हा करावं लागतं, कारण नवा बार जुन्यापेक्षा खाली येतो. शू झिजले तरीही करावं लागतं, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला नीट चालणारं मशीन पुढे दगड फेकू लागलं, तर आधी शूंचा तळ बघा: चकचकीत, पातळ झालेला, पुढची वक्र कड जवळजवळ नाहीशी झालेली. फट आपोआप कमी झालेली असते.

बदल करायचाच असेल तर शू बदला. मशीनबरोबर येणारे अरुंद शू मोकळ्या खडीत रुततात, मग मोजून ठेवलेल्या फटीला अर्थ उरत नाही. रुंद, लांब आणि दोन्ही टोकांना वर वळलेले पोलादी शू घ्या. मागचं टोक वळलेलं नसेल तर रिव्हर्स घेताना ते खडीत घुसतं. शूंच्या जागी छोटी चाकं लावण्याची टूम मला अजिबात पसंत नाही. ती काँक्रीटवर छान फिरतात, खडीत रुतून बसतात. मशीनचं तोंड खाली दाबणारं जादा वजनही खडीवर नकोच.

शिअर पिन (ऑगर त्याच्या शाफ्टला जोडणारी, मुद्दाम कमकुवत ठेवलेली पिन) आणि साधा बोल्ट यांतला फरक थोडक्यात: दगड अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तिथे कडक पोलादाचा बोल्ट टाकला की तुटायची पाळी गिअरबॉक्सवर येते. दरवर्षी पिन काढून ऑगरच्या ग्रीस निपलमधून ग्रीस भरा आणि ऑगर शाफ्टवर हाताने मोकळा फिरतो का ते पाहा. गंजून शाफ्टला चिकटलेल्या ऑगरमध्ये पिन असून नसल्यासारखीच. हे करताना इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली हवी. अडकलेला दगड काढतानाही तेच, आणि तो काठीनेच काढायचा. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या इम्पेलरमध्ये ताण असू शकतो आणि दगड सुटताच तो फिरतो.

मोसमातला पहिला थोडा बर्फ उडवू नका. त्यावरून गाडी फिरवून तो दाबा आणि गोठू द्या. खडी त्याखाली बांधली गेली की पुढचं काम सोपं होतं आणि शू थोडे वर घेऊन फट कमी करता येते. मात्र मध्येच ऊन पडून तो थर वितळला, तर पुढच्या बर्फाआधी पुन्हा २५ ते ३० मिलिमीटरवर या, आणि शूटचं तोंड खाली झुकवून खिडक्या, गाड्या आणि माणसांपासून दूर वळवा.