फर्स्ट रिस्पॉन्डर्सचा पीटीएसडी आणि वर्कर्स कॉम्पेन्सेशन (अमेरिका)

अमेरिकेत कामावर असताना कुणाला इजा झाली किंवा कामामुळे आजार जडला तर औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मालकाने, म्हणजे बहुतेक वेळा मालकाच्या इन्शुरन्स कंपनीने द्यायचा असतो. या व्यवस्थेला वर्कर्स कॉम्पेन्सेशन, बोलताना नुसतं वर्कर्स कॉम्प म्हणतात. फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणजे ९११ या तातडीच्या नंबरला फोन गेल्यावर सगळ्यात आधी पोचणारे, पोलीस, फायरफायटर, अ‍ॅम्ब्युलन्सवरचे ईएमटी आणि पॅरामेडिक. या माणसांना कामात जे बघावं लागतं त्याने पीटीएसडी झाला, म्हणजे तेच दृश्य परत परत डोळ्यासमोर येणं, झोप उडणं, दचकणं, लोकांना टाळणं, हे मागे लागलं तर त्याला 'कामावरची इजा' म्हणायचं का? याचं उत्तर राज्यागणिक वेगळं आहे, कारण वर्कर्स कॉम्प हा मुळात राज्यांचा कायदा, त्यामुळे सारखाच अपघात बघितलेल्या दोन राज्यांतल्या दोन फायरफायटरना वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात आणि मिळतातही.

मूळ कायदा आला तेव्हा डोळ्यासमोर कारखाना होता. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये टिकून राहिलेला पहिला कायदा केला आणि मिसिसिपी सगळ्यात शेवटी, १९४८ मध्ये, या रांगेत आलं. सौदा साधा होता, कामगाराने चूक कुणाची हे सिद्ध करायचं नाही आणि मालकाला कोर्टातही खेचायचं नाही, बदल्यात त्याला ठरलेले पैसे मिळणार, मनस्तापाचे वेगळे नाहीत. मशीनमध्ये बोटं गेली, खाणीत पाय मोडला, अशा वेळी हे छान चालतं कारण जखम दिसते. मनाची जखम दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली तर कोणीही उठून क्लेम करेल ही भीती मालकांना, इन्शुरन्सवाल्यांना आणि आमदारांनाही पहिल्यापासून होती, अजून आहे.

म्हणून वकिलांनी तीन खण पाडले. शरीराला लागलं आणि त्यातून मन बिघडलं तर बहुतेक ठिकाणी क्लेम चालतो. मनावर ताण आला आणि त्यातून हार्ट अटॅकसारखं काही झालं, तर तेही बऱ्याच ठिकाणी जमतं. तिसरा खण म्हणजे 'मेंटल-मेंटल', कारणही मनाचं आणि परिणामही मनाचाच, आणि सगळं भांडण इथे आहे. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने १९६० मध्येच असेंब्ली लाइनवरच्या एका कामगाराचा असा क्लेम मान्य केला होता, पण बरीच राज्यं त्या वाटेने गेली नाहीत. आता पोलिसांचं बघा. चोरामागे पळताना पडला, पाय मोडला आणि मग डिप्रेशन आलं तर तो पहिल्या खणात बसतो. जळत्या घरातून मेलेलं लेकरू उचलून आणलं आणि स्वतःला साधं खरचटलंही नाही, तर तो तिसऱ्या खणात, म्हणजे अनेक राज्यांत बराच काळ तो रिकाम्या हाताने परत जायचा.

त्यात आणखी एक मेख होती. काही राज्यांत ताण 'त्या धंद्यात नेहमी येतो त्यापेक्षा वेगळा' असायला लागायचा. एखाद्या बँकेत दरोडा पडला तर कॅशियरसाठी ते वेगळंच, पण प्रेतं बघणं हे पोलिसाचं रोजचं काम मग त्यात विशेष काय, असा हा युक्तिवाद. पेन्सिल्व्हेनियात एका स्टेट ट्रूपरच्या, म्हणजे राज्य पोलिसाच्या, गाडीसमोर २००६ मध्ये एक बाई येऊन पडली आणि मेली, त्याला पीटीएसडी झाला, आणि वर्कर्स कॉम्पच्या अपील बोर्डाने आणि मधल्या कोर्टाने सांगितलं की ट्रूपरच्या नोकरीत असे प्रसंग येतातच. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये हे फिरवलं, गाडीसमोर आत्महत्येसाठी कुणी येणं हे ट्रूपरलाही नेहमीचं नसतं म्हणाले. (म्हणजे एका माणसाला सात वर्षं लागली.) २०२४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला आणि फर्स्ट रिस्पॉन्डर्ससाठी ही 'असाधारण परिस्थिती'ची अट काढून टाकली.

डॉक्टर मात्र कायद्याच्या बरेच पुढे होते. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची त्यात मोठी भूमिका होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत, जिला डीएसएम-५ म्हणतात, एक फार महत्त्वाची गोष्ट लिहिली गेली, की आघात एकाच मोठ्या प्रसंगातून यायला हवा असं नाही, कामाचा भाग म्हणून भयानक तपशिलांना वारंवार सामोरं जाणंही पुरेसं आहे, आणि उदाहरणं दिली ती थेट मानवी अवशेष गोळा करणाऱ्या फर्स्ट रिस्पॉन्डर्सची आणि बालअत्याचाराच्या केसेसचे तपशील पुन्हा पुन्हा ऐकाव्या-बघाव्या लागणाऱ्या पोलिसांची. म्हणजे साठत जाणारा पीटीएसडी डॉक्टरी पुस्तकात बसला. कायदे मात्र अजूनही विचारत राहतात, कोणती तारीख, कोणता प्रसंग.

फ्लोरिडाची गोष्ट जरा सविस्तर बघण्यासारखी आहे. तिथे सर्वसाधारण कामगाराला शारीरिक इजेशिवाय नुसत्या मानसिक त्रासाचं काही मिळत नाही. २००७ मध्ये फर्स्ट रिस्पॉन्डर्सना एवढी सूट दिली की शारीरिक इजा नसली तरी उपचाराचा खर्च मिळेल, पण पगार नाही. म्हणजे थेरपिस्टकडे जा, पण घरभाडं तुझं तू बघ. मग १२ जून २०१६ ला ऑर्लँडोमधल्या पल्स नाइटक्लबमध्ये गोळीबार झाला, ४९ लोक मारले गेले, आणि आतले मृतदेह बाहेर काढणाऱ्या टीममधल्या लोकांपैकी काहींना पुढे कामावर जाणं अशक्य झालं. त्यांना पगाराची भरपाई कायद्यातच नाही हे तेव्हा सगळ्यांना कळलं. घरच्यांनी आणि युनियननी पाठपुरावा केला, फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, आणि त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, मार्च २०१८ मध्ये, गव्हर्नर रिक स्कॉट यांनी नवीन कायद्यावर सही केली. तो १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला.

या कायद्याने पीटीएसडीला पगाराची भरपाई आणली, मानसिक इजेमुळे आलेलं कायमचं अपंगत्व १ टक्क्यापर्यंतच धरायची फ्लोरिडातली मर्यादा फर्स्ट रिस्पॉन्डर्ससाठी उठवली, आधीचा पीटीएसडी होता म्हणून पैसे कापायचे नाहीत असंही सांगितलं. पण सोबत ११ प्रसंगांची यादी जोडली. यादीतला एक तरी प्रसंग घडलेला असला पाहिजे, मेलेलं अल्पवयीन मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघणं, मुलाचा मृत्यू समोर होणं, हॉस्पिटलला पोचेपर्यंत दगावलेल्या मुलावर उपचार केलेले असणं किंवा त्याला उचलून नेलेलं असणं, खून होताना बघणं, वगैरे. मोठ्या माणसाचा मृतदेह नुसता बघितला तर चालत नाही, मन हादरवून टाकेल अशी गंभीर शारीरिक इजा त्यात असायला हवी. आता हादरवणारी म्हणजे कोणती? ते ठरवायला राज्याच्या खात्याने वेगळा नियम केला आणि त्यात डोकं धडावेगळं होणं, आतडी बाहेर येणं, शरीराच्या ९ टक्के किंवा जास्त भागावर तिसऱ्या डिग्रीचं भाजणं अशी यादीच आहे. डॉक्टरांच्या हिशोबात एक पूर्ण हात म्हणजे ९ टक्के. कोणाच्या तरी टेबलावर हा आकडा ठरला असणार आणि ते टेबल घटनास्थळी नव्हतं एवढंच म्हणता येईल.

शिवाय पुराव्याची पातळी. साधारण दिवाणी भांडणात 'पारडं जरा इकडे झुकलं' एवढं पुरतं, इथे 'स्पष्ट आणि खात्रीशीर' पुरावा लागतो, तोही क्लेमसाठी अधिकृत केलेल्या सायकिअ‍ॅट्रिस्टने तपासून. मूळ कायद्यात क्लेमची मुदत प्रसंगापासून ५२ आठवडे होती, आणि पीटीएसडी तर कधीकधी वर्षानुवर्षं दबून राहतो, त्यामुळे बऱ्याच जणांचं निदान होईपर्यंत मुदत संपलेली असायची. २०२२ मध्ये ही मुदत निदानापासून मोजायची सोय झाली.

कॅलिफोर्नियाने दुसरा रस्ता धरला. यादी नाही, तर गृहीतक. १ जानेवारी २०२० पासून तिथे फायरफायटर किंवा पोलिसाला पीटीएसडी झाला तर तो नोकरीमुळेच झाला असं कायदा धरून चालतो आणि नाही म्हणायचं असेल तर मालकाने सिद्ध करायचं. नाहीतर तिथल्या सामान्य कामगाराला मानसिक इजेमागे नोकरीचा वाटा निम्म्याहून जास्त आहे हे स्वतः दाखवावं लागतं. अट एवढीच की किमान ६ महिने नोकरी झालेली हवी, अचानक काही विलक्षण घडलं असेल तर तीही नाही. निवृत्तीनंतरही हे कवच नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ३ महिने या हिशोबाने चालू राहतं, जास्तीत जास्त ६० महिने. हा कायदा २०२५ ला संपणार होता, २०२३ मध्ये त्याला २०२९ पर्यंत वाढ मिळाली. शहरांचा आणि काउंट्यांचा विरोध खर्चावरून असतो आणि तो अगदीच खोटा नाही, कारण पैसे शेवटी त्यांच्याच तिजोरीतून जातात. मिनेसोटानेही २०१९ पासून असंच गृहीतक आणलं आणि २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या दंगलींनंतर मिनिआपोलिसच्या पोलिसांनी मोठ्या संख्येने पीटीएसडीचे क्लेम टाकले, तेव्हा या कायद्याबद्दल लोकांचं मत एकदम दुभंगलं. माझ्या मते गृहीतकच जास्त प्रामाणिक आहे, कारण आजारी माणसाला आपल्या सगळ्यात वाईट रात्रीचा पंचनामा करायला लावण्यापेक्षा ते बरं.

क्लेम करणं हेच मुळात जड जातं. आधी वरिष्ठांना कळवायचं, म्हणजे स्टेशनमध्ये बातमी पसरलीच. पोलिसाची बंदूक काढून त्याला टेबलवर बसवतील, फायरफायटरला 'हा आता आत घुसणार नाही' असं सोबतचे म्हणतील, ही भीती असते. मग इन्शुरन्सचे डॉक्टर, आपले डॉक्टर, दोघांचे दोन रिपोर्ट, लहानपण कसं गेलं, घटस्फोट झालाय का, दारू किती, सगळं बाहेर येतं. मान्य झालं तर पगाराच्या साधारण दोन तृतीयांश रक्कम मिळते, वरची मर्यादा राज्य ठरवतं, तिच्यावर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही. बदली, शिस्तभंगाची कारवाई, प्रमोशन न मिळणं यातून आलेला त्रास जवळपास सगळीकडे वगळलेला आहे. आणि निदान बहुतेक ठिकाणी पीटीएसडीचंच लागतं, नुसतं डिप्रेशन किंवा अँग्झायटी या विशेष कायद्यांत बसत नाही.

कोण बाहेर राहतं हेही महत्त्वाचं. ९११ चा फोन उचलणारे डिस्पॅचर काही बघत नाहीत, ते ऐकतात, आई फोनवर ओरडत असताना तिला सीपीआर शिकवतात आणि मग फोन कट होतो, पुढे काय झालं हे त्यांना कळतही नाही. फ्लोरिडाच्या २०१८ च्या कायद्याने प्रसंगाचा साक्षीदार असण्यात ऐकणंही धरलं, पण फर्स्ट रिस्पॉन्डरच्या व्याख्येत तेव्हा डिस्पॅचर घेतले नाहीत. खाजगी अ‍ॅम्ब्युलन्स कंपन्यांचे लोक अनेकदा सुटतात कारण कायदा सरकारी नोकरांपुरता लिहिलेला असतो. हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातल्या नर्सेस तर फर्स्ट रिस्पॉन्डर धरल्याच जात नाहीत, वॉशिंग्टन राज्याने मात्र २०२४ पासून त्यांनाही गृहीतकात घेतलं. कनेटिकटने, जिथे २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, २०१९ मध्ये पोलीस आणि फायरफायटरपासून सुरुवात केली आणि २०२४ पासून ठरावीक भीषण प्रसंगांसाठी सगळ्याच कामगारांना दार उघडलं. आत्महत्येचा प्रश्न केंद्राच्या पातळीवर २०२२ च्या कायद्याने थोडा सुटला, ड्युटीवरच्या आघातानंतर आत्महत्या केलेल्या पोलीस किंवा फायरफायटरच्या कुटुंबाला आता ड्युटीवरच्या मृत्यूची मदत मिळू शकते.

अमेरिकेबाहेर कॅनडातल्या अल्बर्टाने २०१२ मध्येच फर्स्ट रिस्पॉन्डर्ससाठी गृहीतक आणलं होतं, ऑन्टारियोने २०१६ मध्ये आणलं आणि त्यात डिस्पॅचरही घेतले, मॅनिटोबाने तर २०१६ पासून सगळ्याच कामगारांना. ऑस्ट्रेलियात टास्मानिया पहिलं, २०१९. आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्याला व्यवसायजन्य रोगांची जी अनुसूची जोडलेली होती तिच्यात शिसं, पारा, अ‍ॅस्बेस्टॉस, सिलिकोसिस हे सगळं होतं, पण मनाचा एकही आजार नव्हता.