एसीओ म्हणजे एचएमओ नव्हे

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या आईबाबांच्या हातात कधीतरी एक कागद पडतो. तुमचे डॉक्टर आता एका ‘अकाउंटेबल केअर ऑर्गनायझेशन’मध्ये, म्हणजे एसीओमध्ये सहभागी आहेत, असं त्यावर लिहिलेलं असतं. बाबा चष्मा लावून तो दोनदा वाचतात आणि संध्याकाळी मुलीला विचारतात, ‘अगं, आपल्याला त्या एचएमओत ढकललं की काय?’

प्रश्न अगदी रास्त आहे. दोन्ही नावं तीन अक्षरी, दोन्हींत ‘एकत्रित काळजी’ची भाषा, आणि दोन्हींचा दावा एकच: प्रत्येक तपासणीमागे वेगळं बिल लावल्याने तपासण्या वाढतात, तब्येत सुधारतेच असं नाही. रोगाचं निदान दोघांनी सारखंच केलंय, उपाय मात्र उलट्या टोकांनी शोधलेत. एचएमओ, म्हणजे ठरलेल्या यादीतल्याच डॉक्टरांकडे पाठवणारी विमा योजना, रुग्णाला बांधते. एसीओत, म्हणजे रुग्णांच्या खर्चाचा एकत्र हिशेब देणाऱ्या डॉक्टरांच्या गटात, बांधले जातात ते डॉक्टर.

एचएमओची मुळं 1933 सालच्या मोहावी वाळवंटात सापडतात. कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणारा कालवा खोदला जात होता आणि डॉ. सिडनी गारफील्ड यांनी मजुरांसाठी तिथेच छोटं रुग्णालय काढलं होतं. जखमी मजुरांची बिलं विमा कंपन्यांकडून वेळेवर सुटेनात. रुग्णालय बुडायला आलं, तेव्हा दर मजुरामागे रोज 5 सेंट आगाऊ घ्यायचे असं ठरलं. मजूर आजारी पडो न पडो, पैसे ठरलेले. त्या दिवसापासून जखमा होऊच नयेत याकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं, कारण जखम म्हणजे आता कमाई नव्हती, खर्च होता. हीच पद्धत पुढे ‘कैसर परमनेंटे’ या आरोग्य योजनेच्या रूपाने 1945 मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’ हे नाव 1970 मध्ये आरोग्यधोरणाचे अभ्यासक डॉ. पॉल एलवूड यांनी दिलं आणि 1973 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने तिचा कायदा झाला.

स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना यात पहिल्यापासून धोका दिसत होता. कैसर आपल्या भागात येणार म्हटल्यावर कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या आसपासच्या डॉक्टरांनी 1954 मध्ये सॅन होआकिन फाउंडेशन उभं केलं. दवाखाने ज्याचे त्याचे, पण विम्याशी करार एकत्र. आज ज्याला आयपीए म्हणतात, त्या डॉक्टरसंघाचा हा पूर्वज. म्हणजे ‘दवाखाना न विकता एकत्र कसं यायचं’ हा प्रश्न सत्तर वर्षं जुना आहे.

एचएमओत पैसा कसा फिरतो ते आकड्यांत पाहू. समजा, तुमच्या डॉक्टरांकडे एका एचएमओचे 400 सभासद आहेत आणि दर सभासदामागे महिन्याला 30 डॉलर ठरलेत. महिन्याचे 12,000 डॉलर येणार, मग चाळीस जण आले काय किंवा दोनशे आले काय. याला कॅपिटेशन म्हणतात. करार फक्त दवाखान्यातल्या कामापुरता असेल तर हे झेपतं. पण रुग्णालय आणि तज्ज्ञांचा खर्चही त्यातूनच भागवायचा असेल, तर 400 जणांतल्या एकाचा रक्ताचा कर्करोग अख्खं वर्ष बुडवू शकतो. त्यात डॉक्टरांची चूक काहीच नसते. लाखो सभासद असलेली विमा कंपनी अशी जोखीम पचवते, कारण सरासरी तिच्या बाजूने असते. एकट्या डॉक्टरला तेवढी माणसं आणायची कुठून?

रुग्णाच्या बाजूने एचएमओ म्हणजे यादी. यादीतलेच डॉक्टर, तज्ज्ञाकडे जायला आधी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मोठ्या तपासणीला कंपनीची पूर्वपरवानगी. 1990 च्या दशकात याविरुद्ध अमेरिकेत खरा संताप उसळला. बाळंतिणींना इतक्या लवकर घरी धाडलं जाऊ लागलं की 1996 मध्ये संसदेला कायदा करावा लागला: विमा योजना बाळंतपणाचा मुक्काम भरत असेल, तर साध्या बाळंतपणानंतर किमान 48 तास आणि सिझेरियननंतर 96 तास तिला नाकारता येणार नाहीत. बाबांच्या आवाजातली भीती तिथून आलेली आहे.

एसीओची कल्पना या अनुभवानंतरची. डार्टमथचे डॉ. एलियट फिशर यांच्या 2006 मधल्या चर्चेतून हे नाव पुढे आलं, 2010 च्या आरोग्य कायद्याने मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, तिला जागा दिली आणि 2012 मध्ये पहिले गट कामाला लागले. यात रुग्ण कशाचाच सभासद होत नाही. त्याची मेडिकेअर जशीच्या तशी राहते, आणि मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे तो जाऊ शकतो. डॉक्टरही नेहमीसारखंच प्रत्येक भेटीचं बिल मेडिकेअरला पाठवतात. बदलतो तो वर्षअखेरचा हिशेब.

वर्षभरात ज्या गटातल्या डॉक्टरांकडे रुग्णाने सर्वाधिक प्राथमिक सेवा घेतली, त्या गटाच्या खात्यावर तो मोजला जातो. गटाकडे असे किमान 5,000 रुग्ण हवेत. मागच्या वर्षांचा खर्च, आजारांचं ओझं आणि त्या भागातला दर पाहून एक अपेक्षित रक्कम काढतात. सोपं उदाहरण घेऊ: माणशी 12,000 डॉलर, म्हणजे 5,000 जणांचे 6 कोटी. प्रत्यक्ष खर्च 4 टक्क्यांनी कमी झाला, तर 24 लाख डॉलर वाचले. एवढ्या लहान गटाला कराराच्या पहिल्या पायरीवर 3.9 टक्क्यांचा उंबरठा असतो, कारण त्याखालची बचत निव्वळ योगायोगही असू शकते. तो ओलांडला आणि गुणवत्तेच्या अटी पाळल्या, तर जास्तीत जास्त 40 टक्के वाटा, म्हणजे 9 लाख 60 हजार डॉलर. पंचवीस डॉक्टर असतील तर प्रत्येकी 38,400, आणि त्यातून परिचारिका, संगणकप्रणाली, हिशेबनीस यांचा खर्च वजा. या पायरीवर तोटा झाला तर खिशातून काही जात नाही. वरच्या पायऱ्यांवर वाटा वाढतो, तसा तोट्यातला हिस्साही येतो.

पूर्वी बचत उंबरठ्याच्या जरा अलीकडे थांबली तर हाती शून्य यायचं. 2024 पासूनच्या करारांत डॉक्टरांच्या लहान गटांना अशा वेळीही कमी दराने वाटा मिळू शकतो. खरी अडचण मात्र वेळेची आहे. पैसे येतात ते पुढच्या वर्षीच्या शरदात, आणि परिचारिकेचा पगार तर पहिल्या महिन्यापासून द्यायचा असतो. मोठं रुग्णालय हा काळ सहज काढतं, दोन डॉक्टरांचा दवाखाना कसा काढणार? म्हणून नवख्या छोट्या गटांना 2024 पासून सुरुवातीलाच 2,50,000 डॉलर आणि दोन वर्षं दर तिमाहीला रक्कम आगाऊ देण्याची सोय झाली. पूर्वी प्रयोग म्हणून मोजक्याच गटांना मिळालेली अशी सोय तेव्हाच सर्व छोट्या गटांना असती तर किती दवाखाने टिकले असते, असा विचार माझ्या मनात येतोच. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीनुसार खासगी प्रॅक्टिसमधले डॉक्टर 2012 मध्ये 60.1 टक्के होते, 2024 मध्ये 42.2 टक्के उरले.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. बचत येते कुठून? दवाखान्यातल्या बिलातून फारशी नाही, तो एकूण खर्चाचा लहानसा तुकडा असतो. ती येते टळलेल्या भरतीतून. हृदय कमकुवत झालेला रुग्ण रुग्णालयातून घरी आला की दोन कामाच्या दिवसांत त्याला फोन करायचा, गोळ्या जुन्या किती नि नव्या किती ते तपासायचं, वजन वाढतंय का ते विचारायचं. या पाठपुराव्याला मेडिकेअर 2013 पासून वेगळे पैसे देते. दोन किंवा अधिक जुनाट आजार असलेल्या रुग्णासाठी महिन्याला किमान 20 मिनिटं समन्वयाचं काम केलं, तर 2015 पासून त्याचेही देते. पूर्वीही हे फोन चांगले डॉक्टर करतच होते, फुकट.

आणि टळलेली भरती कोणाच्या ताळेबंदात दुखते? ज्याच्या खाटा आहेत त्याच्या. रुग्णालयाचा एसीओ एका हाताने वाटा घेतो आणि दुसऱ्या हाताने स्वतःचंच उत्पन्न घटवतो. स्वतंत्र डॉक्टरांकडे रिकामी राहील अशी खाटच नसते. मेडिकेअरचे 2022 चे आकडे हेच सांगतात: मुख्यतः डॉक्टरांच्या, कमी उत्पन्नाच्या गटांनी माणशी निव्वळ 228 डॉलर वाचवले, बहुधा रुग्णालयांशी जोडलेल्या मोठ्या गटांनी 140. लहान गटांतही तीन चतुर्थांशाहून अधिक प्राथमिक डॉक्टर जिथे होते, तिथे 294. कॅपिटेशनमध्ये लहान असणं हीच जोखीम होती. इथे तेच लहानपण कामी आलं.

दोषही आहेत. बचत केली की पुढच्या करारात अपेक्षित रक्कम खाली येते, म्हणजे जो काटकसरीने चालतो त्याला पुढची शर्यत अधिक कठीण. अलीकडच्या नियमांनी याची थोडी भरपाई केली आहे, पूर्ण नाही. आणि रुग्ण मोकळा असल्याने डॉक्टर ज्याची वर्षभर काळजी घेतात, तो कुठल्या तज्ज्ञाकडे जाऊन काय करून घेतो यावर त्यांचा ताबा नसतो. खर्च मात्र त्यांच्याच नावावर पडतो. रुग्ण मोकळा ठेवायचा ठरवल्यावर हा त्रास येणारच, आणि माझ्या मते तो सोसण्यासारखा आहे.

बाबांनी आता पाकिटातलं कार्ड काढून बघावं. लाल-पांढरं-निळं सरकारी मेडिकेअर कार्ड दाखवूनच उपचार होत असतील, तर ते मूळ मेडिकेअरमध्ये आहेत आणि त्या पत्राने त्यांचं काहीही काढून घेतलेलं नाही. एसीओचं वेगळं विमा कार्ड नसतंच. दवाखान्यात खासगी विमा कंपनीचं मेडिकेअर ॲडव्हांटेज कार्ड, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी घेतलेल्या योजनेचं कार्ड, चालत असेल, तर ती योजना एचएमओ असू शकते, आणि मग यादी, चिठ्ठी, पूर्वपरवानगी हे सगळं लागू. अशी योजना घेण्या-बदलण्याची वार्षिक मुदत 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर. घेणं सोपं आहे. परतताना मात्र मूळ मेडिकेअरला जोडून लागणारा पूरक विमा बहुतेक राज्यांत जुन्या आजारांवर बोट ठेवून नाकारला जाऊ शकतो, म्हणून मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी सही करण्याआधी मुलांना सगळं वाचून दाखवायला सांगावं.

राहिलं ते पत्र. एसीओला आपल्या उपचारांची माहिती मेडिकेअरकडून मिळू नये असं वाटत असेल, तर मेडिकेअरच्या मदतक्रमांकावर फोन करून तसं सांगता येतं. उपचारांत फरक पडत नाही. माझा सल्ला विचाराल, तर माहिती जाऊ द्या. मध्यरात्री भलत्याच रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर बिलांच्या त्या माहितीतून निदान नंतर तरी ते आपल्या डॉक्टरांच्या ध्यानात येईल.